बिऱ्हाडकरूंचा अभिमान

मराठी माणसाला वादासाठी विषय लागत नाही. समोर दुसरा मराठी माणूस लागतो, एवढंच. आमच्या तरुणपणी गावसकर मोठा की विश्वनाथ, लता श्रेष्ठ की आशा, पोह्यांत बटाटा हवा की नको, अशा प्रश्नांवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद चालत. शेजारच्यांनी खिडकी आपटून बंद केली, की सभा बरखास्त व्हायची. त्या वादांचा एक मोठा गुण होता. त्यांत कुणाचं काही जात नसे. विश्वनाथनं चौकार मारला म्हणून गावसकरवाल्याचा पगार कापला जात नव्हता, आणि आशाबाईंचं गाणं गाजलं म्हणून लताभक्ताच्या घरचा रेडिओ मुका होत नव्हता.

हल्लीच्या वादांचं तसं नाही. आमच्या बागेतल्या बाकावर सकाळी साडेसहाला जो वाद सुरू होतो, त्याचे विषय तीन : कॉम्प्युटर, ते बनवणाऱ्या कंपन्या आणि जगाचं राजकारण. या तिन्हींत वाद घालणाऱ्यांचं बरंच काही जात असतं. आणि गंमत अशी, की नेमकं ते सोडून बाकी सगळ्यावर वाद चालतो. माझी तक्रार एवढीच आहे. पण ती नीट मांडायची तर आधी बाकाची ओळख करून द्यायला हवी.

बाकावर आम्ही चौघं. नाना विमा कंपनीतून निवृत्त झाले. अप्पा शाळेत भूगोल शिकवत. वकीलसाहेब अजूनही वकीलच आहेत. वकील निवृत्त होत नाही, त्याला फक्त पुढची तारीख मिळते. चौथा मी, बँकेतला. चौघांच्या वयांची बेरीज तीनशेच्या घरात जाते, आणि चौघांच्या गुडघ्यांची एकत्र किंमत केली तर शून्याच्या खाली.

नानांना त्यांच्या मुलीनं अमेरिकेहून आयफोन आणून दिला. त्या दिवसापासून नाना ॲपल कंपनीचे व्याही झाल्यासारखे वागतात. "आमच्यात माहिती बाहेर जात नाही," असं ते सांगतात. आमच्या आईच्या पिढीत "आमच्यात कांदा-लसूण चालत नाही" हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जाई, अगदी त्या सुरात. अप्पांचा फोन अँड्रॉइडवाला. ते ताबडतोब म्हणतात, "आमच्यात सगळं मोकळं असतं हो. तुमच्यासारखं सोवळं-ओवळं नाही." वकीलसाहेबांचा दोघांवर राग. त्यांचा पक्ष स्वदेशीचा. परक्यांच्या कंपन्या हाकलून लावल्याशिवाय या देशाचं भलं होणार नाही, हे ते आम्हाला एका कोरियन फोनवर आलेला अमेरिकन कंपनीमार्फतचा निरोप वाचून दाखवत सांगतात.

मग गाडी जगाच्या राजकारणावर येते. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेनं चीनला अत्याधुनिक चिप विकण्यावर निर्बंध घातले, तेव्हा नानांनी बाकावर मूठ आपटली. "आम्ही त्यांना चिपच देणार नाही. बसू देत बोंबलत!" ज्या नानांना स्वतःच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून गळक्या पाइपाबद्दलच्या पत्राचं उत्तर दोन वर्षांत मिळालेलं नव्हतं, ते नाना चीनची कोंडी करून आठ वाजता घरी गेले. अप्पा चीनच्या बाजूचे आहेत असं नाही. ते फक्त नानांच्या विरुद्ध आहेत. पण तेवढ्यासाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी शांघाय बंदराचा संपूर्ण भूगोल तोंडपाठ करून आणला. तैवानची सामुद्रधुनी किती रुंद आहे यावर त्या दोघांत पाऊण तास झाला. माळ्यानं पाण्याचा पाइप आमच्या दिशेनं वळवला, तेव्हा युद्धविराम झाला.

हे सगळं कुठंतरी पाहिलंय, असं मला सारखं वाटत असे. मग आठवलं. वाड्यातले बिऱ्हाडकरू!

ज्यांनी वाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, अंगणात सगळ्यांत मिळून एक नळ, आणि त्या नळाची मुख्य चावी मालकाच्या ताब्यात. भाडं थकलं की पाणी बंद. भाडं थकलं नसलं तरी मालकाचं डोकं फिरलं की पाणी बंद. मालक केव्हाही येऊन "ही खुंटी कुणाला विचारून ठोकलीत?" असं विचारू शके. आणि हेच बिऱ्हाडकरू शेजारच्या वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंशी भांडताना काय म्हणत? "आमच्या मालकांचे तीन वाडे आहेत. तुमच्या मालकाचा एक तरी धड आहे का?" स्वतःची घागर रिकामी, पण मालकाच्या तीन वाड्यांचा अभिमान ओसंडून वाहतो आहे. त्या भांडणात दोन्हीकडचे मालक कधी पडत नसत. त्यांना गरजच नव्हती.

नाना आणि अप्पा यांच्यात आणि त्या बिऱ्हाडकरूंत फरक एकच. वाड्यातला माणूस महिना दहा-वीस रुपये देत होता आणि आपण भाडेकरू आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नानांच्या लेकीनं पुरी किंमत मोजली, पावती घेतली. तरी नाना भाडेकरूच आहेत, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

पुरावा मागाल तर देतो. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस व्हाउचरशिवाय बोलत नाही.

जुलै २००९. ॲमेझॉन कंपनी किंडल नावाच्या पाटीवर पुस्तकं विकत असे, अजूनही विकते. लोकांनी पैसे मोजून पुस्तकं घेतली होती. एके दिवशी त्यांतली काही पुस्तकं पाटीवरून गायब झाली. ज्यानं ती तिथं विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते म्हणे. म्हणून कंपनीनं आपल्या जागी बसल्या बसल्या लोकांच्या घरातली पुस्तकं काढून घेतली आणि पैसे परत केले. पुस्तकं कोणती? जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' आणि '१९८४'. दुसऱ्या कादंबरीत सरकार नको असलेला मजकूर नाहीसा करतं. हे म्हणजे गीतेवर हात ठेवून खोटी साक्ष देण्यासारखं झालं. कंपनीच्या मालकांनी, जेफ बेझोसनी, पुढं माफी मागितली आणि हे मूर्खपणाचं झालं असं स्वतःच कबूल केलं. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या कोपऱ्यावरचा पुस्तकवाला चुकीचं पुस्तक विकल्याबद्दल मध्यरात्री माझ्या घरात शिरून, कपाट उघडून ते घेऊन गेला आणि टेबलावर पैसे ठेवून गेला, तर मी त्याची माफी ऐकण्याआधी पोलिसांना बोलावीन.

काढून नेतात तसं आणूनही ठेवतात. सप्टेंबर २०१४मध्ये ॲपलनं यू-टू या आयरिश वाद्यवृंदाची नवी गाणी आपल्या सुमारे पन्नास कोटी गिऱ्हाइकांच्या संग्रहात न विचारता टाकून दिली. भेट म्हणून! भेट नको असलेल्या लोकांना ती काढता येईना. शेवटी कंपनीला ती काढण्याची वेगळी सोय करून द्यावी लागली. आपल्याकडे लग्नात आलेलं सातवं भिंतीवरचं घड्याळ आपण गुपचूप आठव्या लग्नात खपवतो. इथं तीही सोय नाही.

आणि डिसेंबर २०१७मध्ये त्याच कंपनीनं मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेले काही आयफोन आपणच नव्या प्रणालीमार्फत हळू केले होते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं, हे त्यांचं कारण. असेलही खरं. पण ज्याचा फोन त्याला आधी सांगायला नको? फोन हळू झाला म्हणून किती जणांनी नवा घेतला असेल, ज्यांना नुसती बॅटरी बदलून भागलं असतं! बोभाटा झाल्यावर कंपनीनं माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघा, आमच्यात चूक झाली तर माफी मागतात!"

अप्पा फार खुश झाले. म्हणून त्यांनाही सांगितलं, की तुमचा मोकळा फोन किती मोकळा आहे ते २०१९च्या मे महिन्यात ह्वावे कंपनीला कळलं. अमेरिकन सरकारनं त्या चिनी कंपनीचं नाव काळ्या यादीत घातलं आणि पुढं तिचे नवे फोन गूगलच्या दुकानाशिवाय आणि नकाशाशिवाय बाजारात आले. अँड्रॉइडचा सांगाडा खुशाल घ्या, तो सगळ्यांना मोकळा आहे. पण लोक ज्यासाठी फोन घेतात तो नळ मालकाच्या ताब्यात. अप्पा म्हणाले, "ते चीनला झालं. आपल्याला कोण करतंय?" हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्यावर येणारच आहे.

वकीलसाहेबांनी दरम्यान एक कायदेशीर मुद्दा काढला. या सगळ्याला गिऱ्हाइकाची संमती असते. सुरुवातीला 'अटी मान्य' असं बटण असतं, ते आपणच दाबतो. करार तो करार. मी विचारलं, "तुम्ही वाचलात का तो?" ते म्हणाले, "फी कोण देणार होतं?"

इथं मला थोडं आमच्या बँकेबद्दल बोलू द्या. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला. कुठल्या कामाला यंत्र, कुठल्या कामाला नाही, किती, कुठं, यावर महिनोन्‌महिने घासाघीस चालली होती. आजची पोरं त्याला हसतात. "काका, तुम्ही कॉम्प्युटरला विरोध करत होता ना?" हसोत बापडी. त्या घासाघिशीत नोकरी जाण्याची भीती होती हे खरंच आहे, आणि ज्याच्या घरी पाच तोंडं खाणारी होती त्याची ती भीती थट्टेची नव्हती. पण यंत्र दारात आलं तेव्हा आम्ही निदान टेबलाच्या दोन बाजूंना बसून कलमाकलमावर भांडलो आणि मग सही झाली. हसणारी पोरं चाळीस पानांचा करार पाऊण सेकंदात मान्य करतात. आणि त्या चाळीस पानांत शेवटी लिहिलेलं असतं, की या अटी आम्ही केव्हाही बदलू!

असा करार माझ्या एका जुन्या घरमालकानं पुढं केला असता तर आमच्या वडिलांनी त्याला चहासुद्धा पाजला नसता.

मालकीची खरी परीक्षा वस्तू बिघडली की होते. आमच्या घरी एक प्रिंटर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. त्याच्या पोटात माझी अजून दोन पत्रं अडकलेली आहेत. पिवळी शाई संपली म्हणून तो काळं अक्षर छापत नाही. मी त्याला पेन्शनचा अर्ज छापायला सांगतो, आंब्याचं चित्र नव्हे. पण नाही. आमच्या कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला, ज्यानं माझा टेपरेकॉर्डर, मिक्सर आणि सासऱ्यांचं श्रवणयंत्र दुरुस्त केलं, तो याला हात जोडून म्हणाला, "काका, याच्या आत कुलूप आहे. किल्ली कंपनीकडं."

हे दुखणं नवं नाही. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक प्रिंटर होता. कागद सारखा अडकायचा. तिथं रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रॅमर होता. आधीच्या प्रिंटरला त्यानं कागद अडकला की लोकांना निरोप जाईल अशी युक्ती करून दिली होती. नव्यालाही करू म्हणाला, तर त्याच्या आतला मजकूर कुणी दाखवीना. तुमच्या-माझ्यासारखा माणूस अशा वेळी प्रिंटरला एक चापटी मारून गप्प बसतो. हा बसला नाही. त्यानं १९८३ साली जाहीर केलं, की ज्यात कुणालाही आत डोकावता येईल, दुरुस्ती करता येईल आणि दुसऱ्याला देता येईल अशी संपूर्ण प्रणाली आपण लिहिणार. त्या कामाला १९९१मध्ये फिनलंडच्या लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिहिलेलं लिनक्स येऊन मिळालं. अप्पांच्या अँड्रॉइडच्या पोटात तेच लिनक्स आहे. केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं अशाच मोकळ्या प्रणालीवर शिकताहेत. एका अडकलेल्या कागदापासून एवढं झालं. आमच्या बाकावर या माणसाचं नाव एकदाही निघालेलं नाही. त्याचा शेअर बाजारात भाव नाही ना!

प्रिंटरचं सोडा, तो माझ्या पेन्शनच्या अर्जापुरता. अमेरिकेतले शेतकरी ट्रॅक्टरसाठी भांडताहेत. जॉन डीअरचे ट्रॅक्टर हल्ली चाकांवरचे कॉम्प्युटरच असतात. पीक कापणीला आलेलं, आभाळ भरलेलं, आणि ट्रॅक्टरच्या पडद्यावर चुकीचा एक आकडा. पाना-पकड घेऊन स्वतः ट्रॅक्टर उघडणारा शेतकरी अडला, कारण तो आकडा पुसण्याची हत्यारं अधिकृत विक्रेत्याकडं. २०२३च्या जानेवारीत कंपनीनं शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेशी समझोता केला; तरी २०२५च्या जानेवारीत तिथल्या व्यापार आयोगाला कंपनीवर दावा लावावा लागला. या कंपनीचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीला आहे. भांडण अमेरिकेतलं असलं तरी वावर कुठलंही असो, पाऊस कंपनीच्या मेकॅनिकची वाट पाहत थांबत नाही.

आता अप्पांचं ते वाक्य. "आपल्याला कोण करतंय?"

गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना आहे. देशभर तिचे हजारो पेट्रोल पंप आहेत. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्ट कंपनीचा ४९ टक्क्यांच्या आसपास वाटा. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघानं रशियावर निर्बंधांचा नवा हप्ता लादला, त्यात नायराचं नाव घातलं. आणि काही दिवसांत या कारखान्यातल्या लोकांच्या पत्रपेट्या आणि आपसांत बोलण्याची सोय बंद पडली. मायक्रोसॉफ्टनं सेवा थांबवली होती. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकन कंपनीची, भागीदार रशियन, आणि हात बांधून बसले गुजरातेतले कारकून. पैसे भरलेले होते. आपल्या देशाचा कुठला कायदा मोडलेला नव्हता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा पुन्हा चालू झाली.

म्हणजे मालकानं चावी पिरगळली, आरडाओरडा झाला, मालकानं चावी सोडली. पाणी आलं म्हणून सगळे खुश. चावी कुठं आहे, हे त्या चार-आठ दिवसांत स्पष्ट दिसलं, आणि त्या आठवड्यात आमच्या बाकावर वाद कशाचा? तर रशियाचं बरोबर की युरोपचं! दोन दिवस चालला. वाडीनारच्या कारकुनाचं नाव कुणी घेतलं नाही.

गंमत पाहा. चावी मालकाकडं असणं आपल्या देशाला नवं नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत आय.बी.एम. इथं आपले कॉम्प्युटर भाड्यानं देत असे, तेही बरेचसे वापरून जुने झालेले, डागडुजी केलेले. १९७३च्या परकीय चलनाच्या कायद्यानं परदेशी कंपनीचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितलं. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना ते टोकाला गेलं आणि १९७८मध्ये आय.बी.एम.नं गाशा गुंडाळला. मालक गेला. पण यंत्रं चालत राहिली! सी.एम.सी. नावाच्या सरकारी कंपनीनं त्यांची देखभाल उचलली, आपले इंजिनिअर त्यांच्या पोटात हात घालून शिकले. कपाटाएवढं धूड खोलीत समोर उभं होतं, त्याला दार होतं, दाराला बिजागरी होती. मालक आगगाडीत बसून गेला तरी वाडा जागेवर होता.

आज मालक रुसला तर वाडाच त्याच्याबरोबर जातो. हा फरक आहे. अमेरिकेशी भांडण करणारे आणि अमेरिकेचे गोडवे गाणारे, दोघंही या फरकाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

"म्हणूनच स्वदेशी!" वकीलसाहेब इथं विजयी मुद्रेनं उठून उभे राहतात. त्यांना मी हातानं खाली बसवतो. मालक आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या भाषेतला असला म्हणून तो नळ बंद करत नाही, असं म्हणणारा माणूस वाड्यात राहिलेला नाही. २०२०मध्ये कू नावाचा स्वदेशी पिवळा पक्षी आला. मंत्री त्यावर बसले, आम्हालाही बसा म्हणाले. जुलै २०२४मध्ये पक्ष्यानं दुकान बंद केलं. त्यावर लिहिणाऱ्यांनी पुन्हा नवं झाड शोधावं. त्याच २०२०च्या जूनमध्ये आपल्या सरकारनं एका रात्रीत ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. सीमेवर जवान मेले होते, राग रास्त होता. पण टिकटॉकवर नाव कमावलेल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांचं दुकान सकाळी उठेपर्यंत उठलं होतं. बंदी योग्य की अयोग्य हा वाद मी घालत नाही. चावी फिरली की त्या घरात पाणी येत नाही, मग फिरवणारा हात कुणाचाही असो, एवढंच म्हणतो.

आणि खरी स्वदेशी म्हणजे काय, ते आमच्या पुण्यात पाहायला मिळालं होतं. ऐंशीच्या दशकात आपल्याला हवामानासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेनं हवा तो क्रे दिला नाही. त्याहून लहान दिला, तोही वापराच्या अटी घालून. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यातली चिप इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीची होती. पण चिप कशा जोडायच्या, कामाला कशा लावायच्या, बिघडलं तर कुठं पाहायचं, हे आपल्या माणसांच्या डोक्यात होतं. प्रत्येक खिळा घरी ठोकायला हवा असं नाही हो. खिळा कुठं ठोकलाय ते ठाऊक हवं, आणि उपटायचा अधिकार हवा.

पैशाच्या बाबतीत हे शहाणपण आपण थोडं दाखवलंही आहे. मार्च २०२२मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातलं काम थांबवलं. रशियन बँकांची कार्डं परदेशात निकामी झाली, पण देशात चालत राहिली, कारण आतली व्यवस्था त्यांनी स्वतःची उभी केली होती. आपल्याकडं २०१२ पासून रुपे कार्ड आहे, २०१६ पासून यू.पी.आय. आहे. माझा भाजीवाला दहा रुपयांची कोथिंबीर त्यावर विकतो, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण विहीर आपली खणली आणि पोहरे दोनच ठेवले! व्यवहारांतला सिंहाचा वाटा फोनपे आणि गूगल पे या दोघांतून जातो. एकामागं वॉलमार्ट, दुसरा नावातच गूगल. एका ॲपनं तीस टक्क्यांच्या वर जाऊ नये असा नियम २०२०मध्ये ठरला, आणि त्याच्या अंमलाची मुदत तेव्हापासून पुढं सरकते आहे. २०२४च्या अखेरीस ती आणखी दोन वर्षांनी वाढली. वकीलसाहेबांनासुद्धा एवढ्या तारखा मिळाल्या नव्हत्या.

एवढं ऐकून नाना म्हणतात, "मग काय करायचं? फोन विहिरीत टाकायचा?"

मुळीच नाही. माझी नात सातासमुद्रापलीकडून त्या फोनवर "आजोबा" म्हणते. कंपन्यांनी चांगलं काम केलंय, त्याचे पैसे त्यांना जरूर मिळावेत. वाडा बांधणाऱ्यानं भाडं घ्यावं. आमचं म्हणणं फक्त भाडेकरूंच्या हक्कांपुरतं आहे, आणि वाड्यांच्या बाबतीत हे हक्क आपल्या आजोबांनी कोर्टात आणि विधिमंडळात भांडून मिळवले. मालक आपोआप सुधारला नव्हता.

तेव्हा वादच घालायचा तर हे घाला. मी पुरे पैसे देऊन घेतलेली वस्तू मला न विचारता बदलायची नाही, हे कायद्यात कधी येणार? दुरुस्तीचा हक्क सांगणारं एक सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२मध्ये निघालं. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याच्या हातात ती किल्ली कधी पडणार? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. चालते-बोलते कॉम्प्युटर, जे नव्या विंडोजच्या अटींत बसत नाहीत, ते भंगारात घालायचे की त्यांच्यावर दुसरी मोकळी प्रणाली टाकून ते शाळांना द्यायचे, हे आपल्या महापालिकेनं ठरवलंय का? जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन या राज्यानं २०२४मध्ये आपले सुमारे तीस हजार सरकारी कॉम्प्युटर अशा मोकळ्या साधनांवर न्यायचं ठरवलं. ते राज्य काही बंडखोरांचं नव्हे. तिथं हिशेब करणारे लोक आहेत. आणि ज्याच्यावाचून गाव अडतं अशी प्रत्येक गोष्ट, म्हणजे बँक, दवाखाना, रेल्वे, वीज, एकाच नळावर ठेवायची नाही, अंगणात आड हवाच, हा नियम कोण करणार?

आड काय कामाला येतो तेही दिसलंय. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या एका कंपनीनं धाडलेल्या एका सदोष दुरुस्तीमुळं जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. शत्रू नाही, युद्ध नाही, निर्बंध नाहीत. मालकाच्या हातून चावी चुकून फिरली, एवढंच. विमानं जागच्या जागी उभी राहिली. आपल्या विमानतळांवर तेव्हा काय झालं? तिथल्या मुला-मुलींनी कोरे कागद काढले, बॉलपेन काढलं, आणि प्रवाशाचं नाव, विमानाचा नंबर, वेळ असं हातानं लिहून बोर्डिंग पास दिले. त्या पासांचे फोटो अख्ख्या देशानं गंमत म्हणून पाहिले. मला त्यात गंमत दिसली नाही. मला त्यात त्या दिवशी देशात कुणाचीही परवानगी न घेता चालणारं एक यंत्र दिसलं.

नाना, अप्पा, वकीलसाहेब आणि या लेखाचे वाचक, तुम्ही तुमच्या मालकांचा अभिमान खुशाल बाळगा. त्यांचे वाडे मोठे आहेत, यात शंका नाही. फक्त भांडून घसा कोरडा पडला, की पाणी कुठून प्यायचं, तेवढं आधी ठरवून ठेवा.